कनेक्टर तोच, जोडणी वेगळी: एका जुन्या डेस्कटॉपचा एसएमपीएस बदलताना

हा डेस्कटॉप एका प्रयोगशाळेतल्या मोजणी यंत्राला जोडलेला आहे. पेन्टियम थ्री, ५०० मेगाहर्ट्‌झ, एक आयडीई हार्डडिस्क, विंडोज ९८ आणि एक लांबलचक आयएसए कार्ड, म्हणजे जुन्या पद्धतीच्या स्लॉटमध्ये बसणारं जोडकार्ड. यंत्राकडून येणारा ॲनालॉग सिग्नल हे कार्ड वाचतं. आजच्या मदरबोर्डवर सहसा आयएसए स्लॉट नसतो आणि या कार्डाची पुढची आवृत्ती यंत्राच्या उत्पादकानं काढलेली नाही. त्यामुळे संगणक गेला तर चांगलं चालणारं यंत्रही त्याच्याबरोबर अडगळीत जाणार. 'एवढा जुना पीसी दुरुस्त कशाला करायचा' या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळतं.

तक्रार साधी होती. आधी बटण दोन-तीनदा दाबावं लागायचं, मग चार-पाचदा. शेवटी एकदा वीज जाऊन आली आणि मशीन चालू व्हायचं थांबलं. बटण दाबलं की एसएमपीएसचा, म्हणजे भिंतीवरची मेन्स वीज संगणकाला लागणाऱ्या कमी व्होल्टेजमध्ये बदलणाऱ्या डब्याचा, पंखा जरासा हलायचा आणि थांबायचा. निदानाला यापेक्षा जास्त काही लागत नाही, सप्लाय गेलेला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नवा एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉपच्या प्रचलित मानकाचा, एसएमपीएस आणून ठेवला होता. त्याच्या २४ पिनांच्या प्लगमधला ४ पिनांचा तुकडा वेगळा करून उरलेला २० पिनांचा भाग मदरबोर्डवर बसतो का, हे त्यांच्या सहायकानं तपासूनही ठेवलं होतं. प्लग व्यवस्थित बसला होता, खटकाही लागला होता. "सर, फक्त मेन्स द्यायची बाकी आहे," असं त्यानं सांगितलं. मेन्स दिलेली नव्हती म्हणून हे प्रकरण लिहिण्याजोगं उरलं.

शंका कुठून आली

जुन्या सप्लायचा प्लग हातात घेतला आणि पहिल्याच नजरेत खटकलं ते हे, की त्यात नारिंगी वायर एकच होती.

इंटेलनं १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मानकात २० पिनांच्या प्लगवर ३.३ व्होल्टच्या तीन नारिंगी वायरी असतात, पिन १, २ आणि ११वर. पेन्टियम थ्रीच्या बोर्डाला ३.३ व्होल्ट लागतातच. मुख्य प्लगमधून येत नसतील तर दुसरीकडून येत असणार. ती दुसरी जागाही लगेच दिसली, एका ओळीत सहा पिनांचा वेगळा प्लग. त्यात तीन काळ्या वायरी होत्या आणि तीन निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. शिवाय मुख्य प्लगमध्ये पिन १९ रिकामी होती आणि लाल वायरी तब्बल सहा. मानक २० पिनी प्लगमध्ये लाल चारच असतात.

पेन्टियम टू-थ्रीच्या काळात काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये असा प्रकार चालायचा. कनेक्टरचा साचा मानक एटीएक्सचाच, चौकोनी आणि एका बाजूला गोलसर भोकांचा क्रमही तोच, पण आतल्या वायरींची जागा कंपनीनं आपल्या मर्जीनं ठरवलेली. प्लग उलटा बसू नये म्हणून ती भोकं वेगवेगळ्या आकारांची केलेली असतात. चुकीच्या सप्लायचा प्लग सुलट बसला तर ती काहीच अडवत नाहीत. कुलपात किल्ली शिरली म्हणजे ती त्याच कुलपाची असं होत नाही, तसंच हे. आकारच वेगळा असलेले सप्लाय मला यापेक्षा प्रामाणिक वाटतात. अरुंद, लांबट टीएफएक्स किंवा त्याहून बारीक फ्लेक्स एटीएक्स पाहिला की निदान माणूस थांबून विचार तरी करतो. इथे डबाही १५० बाय ८६ बाय १४० मिलिमीटरचा, स्क्रूची चारही भोकं मानक जागी. बाहेरून पाहता अगदी साधा एटीएक्स.

मेन्स दिली असती तर काय झालं असतं, हे कागदावर मांडून पाहिलं. पुढे पिना मोजल्यावर हा कागद पक्का झाला. नव्या सप्लायची पिन २ म्हणजे ३.३ व्होल्ट, बोर्डाची पिन २ ग्राउंड. नव्याची पिन ४ म्हणजे ५ व्होल्ट, बोर्डाची तीही ग्राउंड. नव्याची पिन १० म्हणजे १२ व्होल्ट, बोर्डावर पुन्हा ग्राउंड. पिन ९वर सप्लाय ५ व्होल्टचा स्टँडबाय (मशीन बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) देतो, बोर्डावर तिथेही ग्राउंड, म्हणजे स्टँडबाय मेन्स देताक्षणी शॉर्ट. सगळ्यात गमतीची पिन १४. मानकात ती 'चालू हो' सांगणारी हिरवी वायर असते आणि ती ग्राउंडला टेकवली की सप्लाय सुरू होतो. या बोर्डावर पिन १४ ग्राउंडलाच जोडलेली आहे. म्हणजे बटण न दाबताच सप्लायला कायमचा 'चालू' आदेश, आणि त्याच वेळी त्याचे जवळपास सगळे रेल, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजचे पुरवठे, शॉर्ट. चांगला सप्लाय शॉर्ट ओळखून गप्प बसला असता. स्वस्तातला गप्प बसेलच याची खात्री कोण देणार?

मेलेल्या सप्लायच्या पिना कशा ओळखायच्या

चालू सप्लाय असेल तर काम सोपं असतं. चालू करा, मल्टिमीटर लावा, प्रत्येक पिनेवर काय येतं ते लिहून घ्या. इथे तो चालूच होत नव्हता. केबलच्या रंगांवर विश्वास ठेवायचा नव्हता, आणि डब्यावरच्या लेबलवर रेलची यादी असते, पिनांची नसते. म्हणून ओळख तीन बाजूंनी केली आणि तिन्हींची उत्तरं जुळल्याशिवाय पुढे गेलो नाही.

पहिली बाजू सप्लायची. मेन्स काढून, मीटर कंटिन्युइटीवर (दोन टोकं आतून जोडलेली आहेत का हे दाखवणाऱ्या मापावर) ठेवून मुख्य प्लगची एकेक पिन हार्डडिस्कला जाणाऱ्या चार पिनांच्या प्लगशी तपासली. त्या प्लगमध्ये पिवळी म्हणजे १२ व्होल्ट, लाल म्हणजे ५ व्होल्ट आणि मधल्या दोन काळ्या म्हणजे ग्राउंड, हे सहसा कुणी बदलत नाही, कारण डिस्क सगळ्यांच्या सारख्याच. त्यावरून मुख्य प्लगमधल्या १, ३, १६, १७, १८, २० या पिना ५ व्होल्टच्या ठरल्या, ७ ही १२ व्होल्टची आणि २, ४, ९, १०, १२, १३, १४ या ग्राउंड. उरल्या पाच: नारिंगी ५, जांभळी ६, निळी ८, राखाडी ११ आणि पांढरी १५.

दुसरी बाजू मदरबोर्डची, आणि इथे आयएसए स्लॉट फार कामाला आला. त्याच्या पिना सगळ्या जगात ठरलेल्या आहेत. मागच्या पट्टीकडून मोजलं तर बी ३ वर ५ व्होल्ट, बी ५ वर उणे ५, बी ७ वर उणे १२, बी ९ वर १२. कार्ड काढलं, स्लॉटच्या या संपर्कांना बारीक प्रोब टेकवला आणि बोर्डावरच्या २० पिनी सॉकेटमधली कोणती पिन त्याला जोडलेली आहे ते पाहिलं. बी ७ पिन ८ला मिळाला, बी ५ पिन १५ला. निळी उणे १२, पांढरी उणे ५. सहा पिनी सॉकेटच्या तीन पिना पीसीआय (आयएसएनंतर आलेल्या पद्धतीच्या) स्लॉटमधल्या ३.३ व्होल्टच्या संपर्कांना मिळाल्या, उरलेल्या तीन ग्राउंडला.

एक सावधगिरी सांगतो. बोर्डावर कंटिन्युइटी तपासताना नुसत्या बीपवर जाऊ नये. बऱ्याच मीटरांत ३० ओहमच्या आसपास किंवा त्याखाली काहीही आलं की बीप वाजते, आणि बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या रेलचा ग्राउंडशी रोध याहूनही कमी असू शकतो. बीप ऐकून '३.३ म्हणजे ग्राउंड' असं लिहून बसलात तर पुढचं सगळं गणित चुकलं. आकडा वाचायचा. ०.२ ओहम म्हणजे जोडलेलं, १५-२० ओहम म्हणजे मध्ये बोर्डाचं काहीतरी बसलेलं.

तिसरी बाजू उरलेल्या तीन वायरींची: नारिंगी, जांभळी, राखाडी. सप्लाय पूर्ण मेलेला नव्हता, त्याचा स्टँडबाय धुगधुगत होता. बोर्डापासून सुटा करून मेन्स दिली तेव्हा वीसही पिनांमध्ये दोनच पिनांवर व्होल्टेज दिसलं. जांभळीवर ३.४, राखाडीवर त्याहून किंचित कमी. ५ व्होल्टचा स्टँडबाय मान टाकून ३.४वर आला होता, म्हणून सप्लाय उठत नव्हता. 'चालू हो'ची वायर आतून स्टँडबायलाच रेझिस्टरनं बांधलेली असते, म्हणून तिच्यावर जवळपास तेवढंच व्होल्टेज दिसतं. म्हणजे जांभळी स्टँडबाय, राखाडी 'चालू हो'. उरलेली नारिंगी म्हणजे पॉवर गुड, सगळे रेल स्थिर झाले की बोर्डाला 'आता सुरू कर' सांगणारी. एटीएक्सच्या आधीच्या एटी सप्लायमध्ये पॉवर गुडची वायर नारिंगीच असायची. ही सवय या केबलमध्ये तशीच राहिलेली दिसते.

डबा उघडून सर्किटवरची छापील अक्षरं पाहिली तेव्हा तिथेही हेच निघालं. या ठिकाणी थोडं थांबतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा सप्लायच्या आतल्या दोन मोठ्या कॅपॅसिटरांवर मिळून सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो, आणि प्लग काढला तरी तो लगेच उतरतोच असं नाही. मीटरनं तिथलं व्होल्टेज पाहून, ते खाली आल्यावरच आत हात घालायचा. ज्याला हे सवयीचं नाही त्यानं डबा उघडूच नये. वरच्या तीन बाजूंपैकी एकीलाही डबा उघडावा लागत नाही.

दुरुस्ती की बदली

उघडला होता म्हणून आतली अवस्था कळली. स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळचा कॅपॅसिटर फुगून तळाशी गळलेला. ५ व्होल्टच्या बाजूचे दोन वरून फुगलेले. पंखा घट्ट झालेला, आणि रेझिस्टरांखालचा बोर्ड तापून काळपट पडलेला. कॅपॅसिटर बदलून हा सप्लाय उठला असता, यात शंका नाही. पण हे मशीन रोज सकाळी चालू होतं आणि त्याच्यावर कुणाची नजर नसते. इतका भाजलेला बोर्ड पुन्हा तिथे ठेवणं मला पटलं नाही. त्याच पार्ट नंबरचा जुना सप्लाय मिळवायचा हा दुसरा पर्याय. तोही त्याच वयाचा, त्याच कॅपॅसिटरांचा. म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

राहिला नवा एटीएक्स सप्लाय आणि मध्ये जोडणी बदलणारी केबल. नव्या सप्लायचाच प्लग सोडवून त्यातल्या पिना हलवता येतात, पण मग तो सप्लाय एरवी साधा दिसतो आणि आतून वेगळा असतो, म्हणजे पुढच्या माणसासाठी तोच सापळा आपणच लावायचा. मधली केबल केली की सप्लाय मानक राहतो, आणि पुढे बिघडला तर कोणताही चांगला एटीएक्स सप्लाय आणून त्याच केबलला लावता येतो.

कोणता सप्लाय

इथे वॅटचा मोठा आकडा उपयोगाचा नसतो. जुन्या सप्लायच्या लेबलवर एकूण २०० वॅट होते, त्यात ५ व्होल्टवर २२ ॲम्पिअर आणि १२ व्होल्टवर फक्त ६. आजच्या सप्लायमध्ये सगळा जोर १२ व्होल्टवर असतो. कारण पेन्टियम फोरपासून प्रोसेसरची वीज १२ व्होल्टवरून काढायला सुरुवात झाली, तर या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर ती ५ व्होल्टवरून काढली जाते. म्हणजे ५५० वॅटचा नवा सप्लाय या मशीनला ५ व्होल्टवर जुन्या २०० वॅटवाल्यापेक्षा कमी देऊ शकतो.

गरज किती, तेही काढलं. ५०० मेगाहर्ट्‌झचा पेन्टियम थ्री पूर्ण ताणात सुमारे २८ वॅट घेतो. व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचा तोटा धरला तर ३५ वॅट, म्हणजे ५ व्होल्टवर ७ ॲम्पिअर. कार्ड, चिपसेट, डिस्कचं सर्किट धरून १० ते ११ ॲम्पिअर. ५ व्होल्टवर १५ ॲम्पिअर देणारा सप्लाय पुरेसा.

पण नुसते ॲम्पिअरही पुरत नाहीत. स्वस्त सप्लायमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच चोकवर (तारेच्या वेटोळ्यावर) एकत्र सांभाळले जातात. ५वर भार जास्त आणि १२वर नगण्य असला की ५ खाली बसतो आणि १२ वर चढतो. या मशीनचा भार नेमका तसा आहे, १२ व्होल्टवर जेमतेम एक डिस्क आणि पंखा. म्हणून मॅडमनी आणलेला सप्लाय आधी टेबलावर तपासला. ५ व्होल्टवर २ ओहमचे ५० वॅटी ॲल्युमिनियमवाले तीन रेझिस्टर समांतर, म्हणजे साडेसात ॲम्पिअर, आणि १२ व्होल्टवर एक जुनी हार्डडिस्क. मोटारीचे बल्ब भार म्हणून वापरणारे पुष्कळ आहेत, मी टाळतो. गार फिलामेंट सुरुवातीला इतका करंट ओढतं की चांगला सप्लायही बंद पडतो आणि आपण उगाच त्याच्यावर संशय घेतो.

मीटरवर आलं ५ व्होल्टच्या जागी ४.७८ आणि १२च्या जागी १२.७१. मानकाची मर्यादा दोन्हींना ५ टक्के, म्हणजे ५साठी ४.७५ ते ५.२५ आणि १२साठी ११.४० ते १२.६०. ५ काठावर, १२ बाहेर. नवाकोरा सप्लाय नाकारायला मॅडमना थोडं जड गेलं, पण मीटर त्यांच्यासमोरच होतं. त्याऐवजी १२वरून वेगळ्या डीसी-डीसी सर्किटनं ५ आणि ३.३ बनवणारा सप्लाय घेतला. त्याच भारावर ५.०२ आणि १२.०८. खोली १४० मिलिमीटरचीच पाहिली, कारण या कॅबिनेटमध्ये सप्लायच्या पुढ्यातच ड्राइव्हचा पिंजरा आहे.

मधली केबल

बोर्डाकडचे दोन प्लग जुन्या सप्लायवरूनच घेतले, वायरी हातभर ठेवून कापल्या. दुसऱ्या टोकाला २४ पिनी एक्स्टेन्शन केबल कापून तिचं सॉकेट. मोजणी अशी की बोर्डाला ५ व्होल्टच्या सहा वायरी लागतात, नव्या प्लगमध्ये पाच असतात. ग्राउंड मुख्य प्लगचे सात आणि सहा पिनी प्लगचे तीन मिळून दहा लागतात, नव्यात आठ असतात. एक लाल आणि दोन काळ्या कमी पडतात. हार्डडिस्कच्या एका चार पिनी प्लगमध्ये नेमक्या एक लाल आणि दोन काळ्याच मिळतात, म्हणून तसा एक प्लग केबलमध्ये ओढून घेतला. त्याची पिवळी वायर स्लीव्ह चढवून बंद केली.

आता खरी जपायची जागा. या केबलमध्ये समान रंग जोडायचा नाही.

जुनी राखाडी (चालू हो) नव्या हिरवीला, नवी पिन १६.
जुनी नारिंगी (पॉवर गुड) नव्या राखाडीला, नवी पिन ८.
जुन्या निळ्या-पांढऱ्या तीन (३.३ व्होल्ट) नव्या नारिंगींना.
जांभळी जांभळीला, पिन ९. निळी निळीला, नवी पिन १४.
१२ व्होल्टची एकच पिवळी लागते, दुसरी बंद.

राखाडीला राखाडी लावली तर बोर्डाची 'चालू हो'ची वायर सप्लायच्या पॉवर गुडला जाते आणि मशीन कधीच उठत नाही. नारिंगीला नारिंगी लावली तर पॉवर गुडच्या नाजूक पिनेवर सप्लायचा सगळा ३.३ व्होल्टचा रेल येऊन बसतो. डाग देताना हात आपोआप सारख्या रंगाकडे जातो, म्हणून आधी प्रत्येक वायरवर कागदी पट्टीनं बोर्डाच्या पिनेचा आकडा लावला आणि आकड्यानंच जोडलं. बाजारातल्या एक्स्टेन्शन केबल कित्येकदा सगळ्या काळ्याच असतात, तिथे आकड्याशिवाय गत्यंतरच नाही.

नव्या प्लगच्या पिन १३ला जाड नारिंगीबरोबर एक बारीक वायर असते. सप्लाय तिथलं व्होल्टेज पाहून ३.३ सांभाळतो. चारपैकी एक नारिंगी वगळायची तर ती ही नसावी.

सहा पिनी प्लगबद्दल आणखी एक. एटीएक्सच्या जुन्या मानकातही असाच एका ओळीतला सहा पिनी जादा प्लग होता: तीन ग्राउंड, दोन ३.३ आणि सहावी पिन ५ व्होल्ट. या बोर्डाला सहाव्या पिनेवर ३.३ लागतात. कुणी 'मिळाला मिळाला' म्हणत मानक सहा पिनी प्लग असलेला जुना सप्लाय आणून लावला तर ३.३च्या रेलवर थेट ५ व्होल्ट येतात. बोर्ड जाण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता, आणि तिथेही प्लग तंतोतंत बसतो.

उणे ५ व्होल्ट

२००२मध्ये एटीएक्सच्या सुधारित मानकानं उणे ५ ऐच्छिक केला आणि नंतर तो सप्लायमधून गेलाच. बहुतेक जुन्या मशीनना त्याची गरजही नसते, कारण बोर्डावर तो फक्त आयएसए स्लॉटपर्यंत जातो. पण इथे आयएसए कार्डच तर महत्त्वाचं. कार्डाचा बी ५ हा सोनेरी संपर्क भिंगाखाली पाहिला. त्याच्यावरून एक बारीक रेघ निघून एका टँटलम कॅपॅसिटरला आणि तिथून ॲनालॉग चिपला जात होती. रेघ नसती तर पिन १५ रिकामी सोडून विषय मिटला असता.

म्हणून उणे १२वरून ७९०५ रेग्युलेटरनं, म्हणजे स्थिर उणे ५ व्होल्ट देणाऱ्या तीन पिनी चिपनं, उणे ५ केला. भार ५० मिलिॲम्पिअर धरला तरी त्यावर ७ व्होल्ट उतरतात, म्हणजे ०.३५ वॅट, गरम होण्याजोगंही नाही. ७८०५ची, म्हणजे अधिक ५ व्होल्ट देणाऱ्या तशाच चिपची, सवय असलेल्यांनी मात्र सांभाळायचं. ७९०५ची पहिली पिन ग्राउंड, मधली इनपुट, तिसरी आउटपुट. पाठीची धातूची पट्टी मधल्या पिनेला जोडलेली असते, म्हणजे तिच्यावर उणे १२ व्होल्ट असतात. ७८०५ची पट्टी ग्राउंड असते म्हणून ती कॅबिनेटला बिनधास्त ठोकायची सवय असते. तसं इथे केलं की उणे १२ शॉर्ट. इनपुटला २.२ आणि आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा टँटलम लावला, तोही उलट्या ध्रुवांचं भान ठेवून, आणि सगळं स्लीव्हमध्ये बंद केलं.

चालू करण्याआधी आणि नंतर

केबल सप्लायला लावली, बोर्डाला नाही. मेन्स दिली, आणि बोर्डाकडच्या प्लगच्या पिन ११ला ग्राउंडशी वायरच्या तुकड्यानं जोडून सप्लाय चालू केला. मग वीसच्या वीस आणि सहाच्या सहा पिना एकेक करून कागदावरच्या तक्त्याशी ताडल्या. पिन १९ रिकामी आहे, हेही तपासायचं असतं. तक्ता सहायकानं वाचला आणि मी मीटर वाचला, कारण एकच माणूस दोन्ही वाचतो तेव्हा त्याला जे हवं तेच दिसतं.

बोर्ड जोडल्यावर मशीन पहिल्या बटणाला उठलं, विंडोजही आलं. पण यंत्राचं सॉफ्टवेअर म्हणालं, कार्ड सापडत नाही. साहजिकच सगळ्यांची नजर नव्या सप्लायकडे आणि त्या उणे ५कडे गेली. स्लॉटच्या बी ५ वर मीटर लावला तर उणे ५.०१ होता. कारण दुसरीकडेच होतं. मशीन इतका वेळ विजेविना पडून होतं की बोर्डावरच्या सीआर २०३२ सेलवर सगळा भार आला. तो आधीच उतरलेला होता आणि बायोसमधली, म्हणजे बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरमधली, मांडणी पुसली गेली होती. या कार्डाला स्वतःची इंटरप्ट लाइन (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी क्रमांकाची वाट) लागते आणि ती बायोसमध्ये जुन्या आयएसए कार्डासाठी राखून ठेवावी लागते. पुसल्यावर बायोसनं ती एका पीसीआय कार्डाला देऊन टाकली होती. नवा सेल घातला, कार्डावरच्या जंपरवरून लाइनचा क्रमांक वाचला आणि तो बायोसमध्ये राखीव केला. कार्ड सापडलं.

सॉफ्टवेअर मोजणी करत असताना, म्हणजे खऱ्या भारावर, घेतलेले आकडे: ३.३च्या जागी ३.३१, ५च्या जागी ४.९८, १२च्या जागी १२.१०, उणे १२च्या जागी उणे ११.९, उणे ५च्या जागी उणे ५.०१. हे आकडे आणि पिनांचा तक्ता छापून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवला. बोर्डाच्या २० पिनी सॉकेटला लागून लाल अक्षरांत पट्टी लावली आहे: 'साधा एटीएक्स प्लग थेट लावू नये. मधली केबल वापरा.' डिस्कची प्रत मशीन उघडं असतानाच काढून घेतली होती. ती डिस्कही सप्लायच्याच वयाची आहे, पुढची तक्रार बहुधा तिचीच येईल.